सामन्याला एकट्याने जावे की सोबतीने?

फुटबॉलचा सामना पाहावयास एकट्याने जावे की चारचौघांच्या सोबतीने, हा प्रश्न या पृष्ठांवर चर्चेला यावा याचे काही वाचकांना नवल वाटेल. ज्याला सवंगडी आहेत त्याने सवंगड्यांबरोबर जावे, ज्याला नाहीत त्याने एकटे जावे. यात नीतीचा प्रश्न कोठे आला, असे कोणी विचारील. खेळ पाहणे हे पाप नव्हे आणि न पाहणे हे पुण्य नव्हे, हे मलाही मान्य आहे. तथापि या साध्या दिसणाऱ्या निवडीच्या पोटात एक जुना व कठीण प्रश्न दडलेला आहे. पुष्कळांच्या मध्ये असताना माणूस आपल्या कृतीला कितपत जबाबदार राहतो? आणि जबाबदार राहण्याच्या कामी त्याचे सोबती त्याला साहाय्य करतात की त्याच्या आड येतात?

फुटबॉलचेच उदाहरण घेण्यास कारण आहे. सभ्य गृहस्थाला उघड्यावर ओरडण्याची, रडण्याची, शेजारच्या अनोळखी माणसाला मिठी मारण्याची आणि समोरच्या अनोळखी माणसाला शिवी देण्याची मुभा असलेली स्थळे आज फार थोडी उरली आहेत. फुटबॉलचे मैदान हे त्यांपैकी एक होय. क्रिकेटमध्ये दोन षटकांच्या मध्ये प्रेक्षकाला भानावर येण्यास अवसर मिळतो. फुटबॉलमध्ये पंचेचाळीस मिनिटांचा खेळ जवळजवळ अखंड वाहत असतो आणि त्याबरोबर प्रेक्षकही वाहत जातो. १३ जुलै १९९७ रोजी कलकत्त्याच्या सॉल्ट लेक स्टेडियममध्ये फेडरेशन चषकाच्या उपांत्य सामन्यात ईस्ट बंगालने मोहन बागानचा ४-१ असा पराभव केला. त्यांतील तीन गोल भाईचुंग भुतियाचे होते. तो सामना पाहण्यास सुमारे १ लाख ३१ हजार लोक जमले होते. आपल्याकडील कित्येक तालुक्यांच्या गावांची वस्ती याहून कमी असते. एवढी माणसे एकाच चेंडूकडे टक लावून बसतात आणि एकाच क्षणी उठून उभी राहतात, तेव्हा त्यांतील प्रत्येकाचे मन कोणाच्या ताब्यात असते, हे विचारण्याजोगे आहे.

सोबतीची बाजू

प्रथम सोबतीच्या बाजूने जे म्हणता येईल ते मोकळेपणाने म्हणू या. गोल झाला की प्रेक्षक काय करतो ते नीट पाहावे. तो चेंडूवरून दृष्टी काढून आधी शेजाऱ्याकडे पाहतो. आनंद झाला हे त्याला ठाऊक असतेच. परंतु दुसऱ्याच्या चेहऱ्यावर तो दिसल्यावाचून त्याला तो पुरा वाटत नाही. एकट्याने मनुष्य असणे बरे नव्हे, हे जे उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात सांगितले आहे त्याची प्रचीती इतक्या साध्या गोष्टीतही येते.

फुटबॉल आपल्या देशात रुजला तोही समूहाच्या आधाराने. २९ जुलै १९११ रोजी कलकत्त्यात मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटचा २-१ असा पराभव करून आय. एफ. ए. शील्ड जिंकली, तेव्हा दूरदूरच्या गावांहून लोक आगगाडीने व आगबोटीने आले होते. ज्यांना मैदान दिसत नव्हते त्यांना पतंग उडवून गोलांची बातमी कळवली जात होती. त्या संघातील दहा खेळाडू अनवाणी खेळले. एकटे सुधीर चॅटर्जी बूट घालून खेळले. ते ख्रिस्ती होते आणि पुढे पाळक झाले. अकरांतील एक जण वेगळा दिसतो म्हणून तो कोणाला परका वाटला नाही, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. तिच्याकडे आपल्याला पुन्हा वळावयाचे आहे.

महाराष्ट्रात पाहावयाचे तर कोल्हापुरात पाहावे. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम मंडळ आणि शिवाजी तरुण मंडळ यांची गाठ पडली की पेठच्या पेठ मैदानाकडे लोटते. आजोबांनी ज्या तालमीची बाजू घेतली तिचीच बाजू नातू घेतो. २०१७ साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकात खेळलेला अनिकेत जाधव याच कोल्हापूरचा. गोव्यातही खेळ गावाचा आणि वाड्याचा असतो. अशा ठिकाणी मूल खेळ शिकते तेवढेच हरणेही शिकते, आणि हरून घरी परतताना बरोबर कोणी असणे ही लहान गोष्ट नव्हे. दोघांपैकी एक पडला तर दुसरा त्याला उठवतो, असे उपदेशकाचा चौथा अध्याय सांगतो. स्टेडियमच्या अरुंद जिन्यांवर त्याचा अर्थ अगदी शब्दशः कळतो.

शिवाय काहींच्या बाबतीत एकट्याने जाण्याची निवडच उपलब्ध नसते. १९७९ च्या क्रांतीनंतर इराणमध्ये सुमारे चाळीस वर्षे स्त्रियांना पुरुषांचे फुटबॉल सामने मैदानात जाऊन पाहण्यास जवळजवळ पूर्ण मज्जाव होता. २०१९ साली एक तरुणी पुरुषाचा वेष करून एकटीच आपल्या आवडत्या संघाचा सामना पाहण्यास गेली आणि पकडली गेली. पुढे तुरुंगवासाच्या भयाने तिने न्यायालयाबाहेर जाळून घेतले आणि त्यातच तिचा अंत झाला. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तेहरानच्या आझादी स्टेडियमचे दार सुमारे साडेतीन हजार स्त्रियांसाठी उघडले. इराणने त्या दिवशी कंबोडियावर १४ गोल केले. परंतु त्या स्त्रियांना गोलांपेक्षा आपण तेथे बसलो आहोत हेच मोठे वाटले असेल. आपल्याकडे असा कायदा नाही. तरी सायंकाळच्या सामन्याला एकटीने जाऊन रात्री एकटीने परतणे किती भगिनींना सुखाचे वाटते, हे प्रत्येकाने आपल्या घरात विचारून पाहावे. एकटेपणाचे गोडवे गाताना पुरुषांनी याचा विसर पडू देऊ नये.

एकट्याची बाजू

आता दुसरी बाजू. रेल्वेच्या नोकरीतून निवृत्त होऊन खरगपूरला स्थायिक झालेले एक मराठी गृहस्थ आमच्या परिचयाचे आहेत. पत्नीच्या पश्चात त्यांनी एक क्रम ठेवला आहे. चांगला सामना असला की दुपारच्या लोकलने हावड्यास यावयाचे, एक तिकीट काढावयाचे आणि सामना पाहून रात्रीच्या गाडीने परतावयाचे. “तुम्ही कोणाला बरोबर का घेत नाही?” असे मी त्यांना एकदा विचारले. ते म्हणाले, “भाऊ, कोणी बरोबर असला म्हणजे मला त्याच्या संघाचे व्हावे लागते. एकटा असलो की जो चांगला खेळेल त्याला मी टाळी देतो.”

या उत्तरात मोठा विचार आहे. एकटा आलेला प्रेक्षक खेळ पाहतो. घोळक्याने आलेला पुष्कळदा एकमेकांना पाहत असतो. पंचाने दिलेला निर्णय योग्य होता हे एकट्याला स्वतःशी कबूल करता येते. घोळक्यात तेच कबूल करावयाचे तर धैर्य लागते, कारण तेथे सत्य बोलणे हा विश्वासघात ठरतो. प्रतिपक्षाच्या खेळाडूने केलेला सुंदर गोल पाहून एकट्याचे हात सहज जुळतात. घोळक्यात ते मांडीखाली दाबून धरावे लागतात. बहुमताच्या मागे लागून अन्याय करू नये अशी जी आज्ञा निर्गमाच्या तेविसाव्या अध्यायात आहे ती मुख्यतः न्यायसभेतील साक्षीविषयी आहे. परंतु पंचाच्या शिटीविषयी साक्ष देणारे हजारो मुखांचे न्यायासनही काही कमी अन्यायी नसते.

असे असले तरी एकट्याने जाणाऱ्यावरही एक संकट आहे. तो मैदानाच्या दारापर्यंत एकटा असतो. आत गेल्यावर तो एकटा राहत नाही. तेथे तो हजारांतील एक होतो, आणि या हजारांत त्याला नावाने ओळखणारे कोणी नसते. ओळखीच्या डोळ्यांचा धाक किती वाईट गोष्टींपासून आपल्याला वाचवतो याची आपल्याला कल्पना नसते. आपल्या मुलासमोर जी शिवी तोंडातून निघणार नाही ती परक्यांच्या मध्ये सहज निघते. म्हणून एकटा जाणारा आपोआप स्वतंत्र असतो असे मानू नये. ज्याने आपले मन घट्ट धरले आहे तो स्वतंत्र असतो. ज्याने धरलेले नाही तो नुसताच निनावी असतो.

दोन मित्रमंडळे

मनुष्य एकटा असताना एक असतो आणि सोबतीत दुसराच होतो, याचा सूक्ष्म विचार संत ऑगस्टीन यांनी इ. स. ४०० च्या सुमारास आपल्या ‘कबुलीजबाब’ या ग्रंथात केला आहे. सोळा वर्षांचे असताना त्यांनी मित्रांबरोबर रात्री शेजारच्या झाडाची नासपती चोरली. फळे खावयाची नव्हतीच. बहुतेक डुकरांपुढे टाकली. पुढे कित्येक वर्षे ते याचे कारण शोधत राहिले आणि अखेर त्यांच्या ध्यानात आले की एकट्याने त्यांनी ही चोरी केली नसती. सोबतीत निर्लज्ज न होण्याचीच लाज वाटू लागते, हे त्यांचे निरीक्षण आजच्या कोणत्याही स्टेडियमला लागू पडते.

याच ग्रंथाच्या सहाव्या भागात त्यांचा मित्र अलिपियस याची हकीकत आहे. अलिपियस कायद्याच्या अभ्यासासाठी रोमला गेला होता आणि तलवारबहाद्दरांच्या रक्तरंजित खेळांचा त्याला तिटकारा होता. एके दिवशी जेवून परतणाऱ्या मित्रांनी त्याला वाटेत गाठले आणि थट्टेथट्टेत ओढत रंगमंडळात नेले. तुम्ही माझे शरीर न्याल, माझे मन व डोळे नेऊ शकणार नाही, अशा अर्थाचे काही तो म्हणाला आणि डोळे मिटून बसला. कान मात्र त्याने मिटले नव्हते. कोणी एक लढवय्या पडला, सारे रंगमंडळ गर्जून उठले, आणि काय झाले हे पाहण्यासाठी त्याने डोळे उघडले. त्यानंतर ते मिटले नाहीत. तो पाहू लागला, ओरडू लागला आणि घरी जाताना पुन्हा येण्याची ओढ घेऊन गेला. पुढे तर तो इतरांना तेथे नेण्यात पुढाकार घेऊ लागला. या व्यसनातून त्याची सुटका फार उशिरा झाली. हाच अलिपियस अखेर तागास्ते नगराचा बिशप झाला.

या हकीकतीच्या जोडीला प्रेषितांच्या कृत्यांचा एकोणिसावा अध्याय वाचावा. इफिस नगरात देमेत्रिय सोनाराने चिथावलेला जमाव पौलाच्या दोन सोबत्यांना पकडून नाट्यगृहात घुसला. या नाट्यगृहाचे अवशेष तुर्कस्थानात आजही उभे आहेत आणि त्यात सुमारे २४ हजार माणसे बसू शकत असत असे मानतात. पौलाला त्या जमावापुढे जावयाचे होते. शिष्यांनी त्याला जाऊ दिले नाही. प्रांताच्या अधिकाऱ्यांपैकी जे त्याचे मित्र होते त्यांनीही निरोप पाठवून त्याला नाट्यगृहात पाऊल न ठेवण्याची विनंती केली.

दोन्ही ठिकाणी जमाव गर्जत आहे, दोन्ही ठिकाणी मित्र आहेत. अलिपियसच्या मित्रांनी त्याला त्याच्या मनाविरुद्ध आत ओढले. पौलाच्या मित्रांनी त्याला त्याच्या मनाविरुद्ध बाहेर रोखले. जबरदस्ती दोघांनीही केली म्हणावे लागेल. परंतु एकांना आपल्या करमणुकीला आणखी एक माणूस हवा होता, दुसऱ्यांना तो माणूस जिवंत हवा होता. सोबत चांगली की वाईट हा प्रश्न सोडवताना एवढा भेद आपल्याला पुष्कळ दूर नेईल.

गर्दीला नाव नसते

समूहात केलेले कृत्य समूहाचे असते आणि म्हणून कोणाचेच नसते, असा एक समज आहे. २१ मे २०२३ रोजी स्पेनमधील वालेन्सियाच्या मैदानावर रेआल माद्रिदचा कृष्णवर्णीय ब्राझिलियन खेळाडू व्हिनिसियस ज्युनियर याला प्रेक्षकांनी वर्णावरून हीन शब्दांनी डिवचले. २०२४ च्या जूनमध्ये तेथील न्यायालयाने तीन प्रेक्षकांना प्रत्येकी आठ महिन्यांची कैद सुनावली. ओरडणारे त्या दिवशी तिघेच होते असे नव्हे. परंतु आरोपीच्या पिंजऱ्यात गर्दीला उभे करता येत नाही. तेथे नाव, वय आणि पत्ता असलेला माणूसच उभा राहतो. त्या तिघांच्या कानांत तेव्हा शेजाऱ्यांचा कोलाहल उरला नसेल. आपल्या देशात वर्णाच्या जागी जात, धर्म किंवा प्रांत येतो, एवढाच फरक.

कलकत्त्याने याहून भयंकर दिवस पाहिला आहे. १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर ईस्ट बंगाल व मोहन बागान यांचा लीग सामना चालू होता. मैदानात दोन खेळाडूंची चकमक झाली आणि तिची ठिणगी प्रेक्षकांत पडली. दोन्ही संघांचे पाठीराखे एकाच भागात बसलेले होते. हाणामारी आणि पळापळ यांत १६ जणांचे प्राण गेले. सकाळी घरून निघताना त्यांच्यापैकी कोणी एकटा निघाला असेल, कोणी मित्रांबरोबर. मृत्यूने तो भेद केला नाही. त्यानंतर हा दिवस त्या नगरीत फुटबॉलप्रेमींचा स्मृतिदिन म्हणून पाळला जाऊ लागला आणि त्या दिवशी रक्तदान करण्याचा प्रघात पडला. हा उपाय ज्याला सुचला त्याने मर्म ओळखले होते असे मला वाटते. रक्तदात्याला आपले नाव सांगावे लागते, बाही वर करावी लागते आणि एकट्याने आडवे व्हावे लागते. ज्या दिवशी गर्दीने रक्त सांडले त्या दिवशी एकेक माणूस पुढे येऊन ते देतो.

गर्दी हा शब्द बाहेरून पाहणाऱ्यांनाही सोयीचा असतो. १५ एप्रिल १९८९ रोजी इंग्लंडमधील शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूल व नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांच्या सामन्यापूर्वी बाहेर दाटी झाली. पोलिसांनी बाहेर पडण्याचे एक दार उघडून लोकांना आत सोडले आणि ते आधीच भरलेल्या कुंपणबंद जागेत शिरले. त्या चेंगराचेंगरीत व पुढे तिच्या परिणामांनी एकूण ९७ जण मरण पावले. दोष मात्र प्रथम त्यांच्याच माथी मारण्यात आला; ते दारू प्यालेले होते, बेशिस्त होते, असे सांगितले गेले. आप्तांनी सत्तावीस वर्षे लढा दिला. २०१४ साली नव्याने सुरू झालेल्या चौकशीत प्रथम काय झाले असेल तर मृतांच्या आप्तांनी एकेकाविषयी लिहून आणलेले वाचून दाखवले: हा कोण होता, याला काय आवडे, घरी याला कोणत्या नावाने हाक मारीत. २०१६ च्या एप्रिलमध्ये निकाल आला की प्रेक्षकांचा दोष नव्हता आणि ते मृत्यू बेकायदेशीर मनुष्यवधाचे होते. ज्यांना जमाव म्हणून दोषी ठरवले होते, त्यांचा विचार शेवटी माणसे म्हणून करावा लागला.

भाषांतराचे काम करणाऱ्याला या संदर्भात इफिसच्याच हकीकतीत एक शब्द अडवतो. सर्वसाधारण गर्दीसाठी लूक ‘ओख्लोस’ हा ग्रीक शब्द वापरतो. परंतु त्या नाट्यगृहातील गोंधळी जमावासाठी त्याने ‘एक्लेसिया’ असा शब्द योजला आहे. नव्या करारात इतरत्र ज्याचे आपण ‘मंडळी’ असे भाषांतर करतो तोच हा शब्द. ग्रीक नगरांत नागरिकांच्या सभेला तो रूढ होता, म्हणून येथे तो आला. मराठीत त्या ठिकाणी ‘मंडळी’ घालता येत नाही; ‘सभा’ किंवा तत्सम शब्द घ्यावा लागतो, आणि तसे केले की मूळ वाचकाच्या कानाला जो धक्का बसत असेल तो आपल्या वाचकाला बसत नाही. आपण कशासाठी जमलो आहोत हे बहुतेकांना ठाऊक नाही, तरी दोन तास घोषणा चालू आहेत, अशा लोकांनाही तोच शब्द लागू होतो. एकत्र जमण्याने कोणी मंडळी होत नाही. जमलेले लोक एकमेकांशी कसे वागतात यावर ते ठरते.

सोबतीची कसोटी

मग जावे कसे? माझे उत्तर असे आहे की सामन्याला सोबतीने जावे. परंतु ज्याला एकट्याने बसता येते त्यानेच सोबतीने जावे, आणि सोबत अशी निवडावी की जी दोन कसोट्यांना उतरेल.

पहिली कसोटी ही की आपल्यापैकी एक जण नाहीसा झाला तर ते त्या सोबतीच्या ध्यानात येते काय? बारा वर्षांचा येशू यरुशलेमात मागे राहिला तेव्हा योसेफ व मरीया परतणाऱ्या लोकांबरोबर एक दिवसाची वाट चालून गेले होते. तो तांड्यातच असेल असे त्यांना वाटले. लूकने तेथे वापरलेल्या शब्दाचा अर्थ बरोबर वाट चालणाऱ्यांचा समूह असा आहे. ही माणसे परकी नव्हती. नातलग व ओळखीचीच होती. तरी प्रत्येकाला वाटले की मुलगा दुसऱ्या कोणाबरोबर असेल. प्रेम करणाऱ्या आईबापांनाही समूह असा खोटा दिलासा देऊ शकतो, तर पन्नास जणांच्या बसमधून निघालेल्या तरुण संघाची काय कथा! म्हणून सोबत लहान असावी, चारपाच जणांची; म्हणजे एक जागा रिकामी झाली की ती दिसते. समूह मोठा असेल तर त्याचे लहान गट करावेत.

दुसरी कसोटी ही की सारे ओरडत असताना एकाला गप्प बसावेसे वाटले तर त्याला बसू दिले जाते काय? जेथे अनवाणी दहांमध्ये बूट घातलेला एक जण सहज सामावतो, ती सोबत खरी. जेथे शिवीत सूर न मिळवणाऱ्याकडे संशयाने पाहिले जाते, तेथून उठून एकट्याने दुसऱ्या बाकावर जाऊन बसणे हेच बरे. त्यासाठी आधी एकट्याने बसण्याची सवय हवी. वर्षातून एखादा सामना, शक्य असेल त्याने, आमच्या खरगपूरच्या स्नेह्याप्रमाणे एकट्याने पाहावा. आपल्याला खेळ आवडतो की नुसता कोलाहल, हे त्या दिवशी कळते.

समूह या कसोट्यांना उतरूच शकत नाही असे कोणी म्हणू नये. २०२४ च्या ऑगस्टमध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात एका तरुण डॉक्टर भगिनीवर अत्याचार होऊन तिचा खून झाला. १८ ऑगस्टला ड्युरँड चषकात मोहन बागान व ईस्ट बंगाल यांचा सामना ठरलेला होता. बंदोबस्ताच्या कारणाने तो रद्द करण्यात आला. तरीही दोन्ही संघांचे पाठीराखे सॉल्ट लेकच्या दाराशी जमले, मोहमेडन स्पोर्टिंगचेही आले, आणि आपापले रंग अंगावर ठेवून त्यांनी एका आवाजात तिच्यासाठी न्याय मागितला. पोलिसांच्या लाठ्याही त्यांनी एकत्रच खाल्ल्या. चव्वेचाळीस वर्षांपूर्वी याच महिन्यात, याच नगरीत, याच दोन रंगांच्या लोकांनी एकमेकांवर हात उचलला होता. त्या सायंकाळी ते जमले ते एका मृत मुलीसाठी, जी त्यांच्यापैकी बहुतेकांना कधी भेटलीही नव्हती.

गोव्यात, मुंबईत, कोलकात्यात आणि इतर नगरांत आपल्या तरुणांना सामन्याला घेऊन जाणारे जे वडीलधारे आहेत, त्यांना एक विनंती करून हा लेख संपवतो. जाऊ नका असे मुलांना सांगू नये. ती अलिपियसप्रमाणे डोळे मिटतील आणि कान उघडे ठेवतील. त्यांच्याबरोबर जावे. ज्याला खेळात गोडी नाही त्याला ओढून नेऊ नये, आणि ज्याला कोणी बोलावत नाही त्याला मुद्दाम विचारावे. निघण्यापूर्वी माणसे मोजावीत. शेजारच्या जागेवर कोणी एकटा वृद्ध येऊन बसला तर त्याला नाव विचारावे, आणि त्याला गप्प राहून खेळ पाहावयाचा असेल तर तसे पाहू द्यावे. सामना संपल्यावर, जिंकलो असलो तरी आणि हरलो असलो तरी, गाडीत बसण्यापूर्वी माणसे पुन्हा मोजावीत.